आठवड्यातून एकदाच बाहेर पडणारी गाडी : वीस महिन्यांचा अनुभव

आमची पेट्रोलवर चालणारी हॅचबॅक २०१९ सालची आहे. टाळेबंदीचा काळ सोडला तर ती जवळपास रोज कोथरूडहून येरवड्याला ये-जा करत असे. मार्च २०२४ मध्ये वनाझहून निघणारी मेट्रो रामवाडीपर्यंत धावू लागली, मी कार्यालयात मेट्रोने जाऊ लागले आणि गाडी सोसायटीच्या उघड्या पार्किंगमध्ये एका मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली उभी राहू लागली. तेव्हा किलोमीटरचा आकडा ३८,४०० होता. आज वीस महिन्यांनी तो ४१,९०० आहे. घरी सासऱ्यांचे वय ८१ असल्यामुळे आणि रात्री-अपरात्री दवाखाना गाठण्याची वेळ दोनदा आलेली असल्यामुळे गाडी विकण्याचा विचार आम्ही केला नाही. मात्र गाडी चालत नाही म्हणजे तिची झीजही होत नाही, असे मी मनाशी धरून चालले होते आणि ते साफ चुकीचे ठरले. म्हणून या काळात काय बिघडले आणि त्यावर कशाचा उपयोग झाला, ते सविस्तर लिहिते आहे.

पहिला फटका बॅटरीला बसला. जून २०२४ मध्ये आम्ही सव्वीस दिवस गावी होतो. परत आल्यावर किल्ली फिरवली तेव्हा डॅशबोर्डवरचे दिवे मंद लागले, बॉनेटखालून टक्-टक् असा आवाज आला आणि इंजिन फिरलेच नाही. शेजाऱ्यांच्या गाडीवरून जंपर केबल लावून ती सुरू केली. लाल केबल दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकांना जोडायची, काळीचे एक टोक चालू गाडीच्या ऋण टोकाला आणि दुसरे आपल्या बॅटरीपासून दूर, इंजिनच्या उघड्या धातूला लावायचे, हे शेजाऱ्यांनी त्या दिवशी दाखवले आणि ते प्रत्येकाला ठाऊक असायला हवे, असे मला मनापासून वाटते. मेकॅनिककडे बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली, तरी चार दिवसांत ती पुन्हा उतरली. शिसे आणि आम्ल असलेली बॅटरी उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली, की तिच्या पट्ट्यांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक जमतात आणि मग कितीही चार्ज केली तरी तिची मूळ क्षमता परत येत नाही. आमची बॅटरी तशीही जुनी झाली होती. ऑगस्टमध्ये ती बदलावी लागली.

नव्या बॅटरीच्या वेळी मात्र मी इलेक्ट्रिशियनला एक काम मुद्दाम करायला सांगितले. गाडी लॉक करून अर्धा तास थांबल्यावर बंद गाडी किती वीज खाते, ते त्याने बॅटरी आणि तिची केबल यांच्यामध्ये मीटर जोडून मोजले. आकडा ३० मिलिअँपिअर आला. घड्याळ, सेंट्रल लॉकिंग, चोरीविरोधी यंत्रणा आणि इंजिनचा संगणक यांना एवढी वीज लागतेच, त्यामुळे हा दोष नव्हे. पण हिशेब केला तर दिवसाला सुमारे पाऊण अँपिअर-तास आणि महिन्याला २१ ते २२ अँपिअर-तास होतात, आणि आमची बॅटरी आहे ३५ची. म्हणजे महिनाभर गाडी हलली नाही तर निम्म्याहून अधिक साठा काहीही न करता संपतो. शिवाय पुण्यातल्या एप्रिल-मेच्या उन्हात बॅटरी आपोआप उतरण्याचा वेगही वाढतो.

त्यानंतर मी काहीशे रुपयांचा साधा मल्टिमीटर आणला आणि वहीत नोंदी ठेवू लागले. लांबच्या फेरीनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी १२.६ व्होल्ट, सात दिवसांनी १२.५३, चौदा दिवसांनी १२.४१, एकवीस दिवसांनी १२.२७ अशी ती उतरंड आहे. पूर्ण भरलेली बॅटरी १२.६ ते १२.७ दाखवते आणि १२.२च्या आसपास ती निम्मी झालेली असते. गाडी बंद केल्या-केल्या मोजलेला आकडा फसवा असतो, कारण तो नुकत्याच मिळालेल्या चार्जमुळे चढा दिसतो; म्हणून रात्र जाऊ द्यावी. गेल्या वर्षी दिवाळीनंतर पाच आठवडे बाहेरगावी जायचे होते, तेव्हा १० नंबरच्या पान्याने ऋण टोक सोडवून ठेवले. परत आल्यावर बॅटरी १२.५५ होती आणि गाडी लगेच सुरू झाली. घड्याळ व रेडिओ पुन्हा लावावा लागला आणि दरवाजे किल्लीने उघडावे लागले, एवढीच काय ती गैरसोय.

आता एका सर्वमान्य सल्ल्याविषयी माझे मत स्पष्ट सांगते. ‘रविवारी दहा मिनिटे जागेवर चालू करून ठेवा’ असे मला जवळपास प्रत्येकाने सांगितले आणि जुलै-ऑगस्टमध्ये मी ते नेमाने केलेही. त्याचा फायदा झाला नाही, उलट तोटा झाला असे माझे ठाम मत आहे. जागेवर इंजिन मंद फिरते, त्यामुळे चार्जिंग बेताचेच होते, आणि इंजिन पुरते तापायच्या आत ते बंद केले जाते. एक लिटर पेट्रोल जळले की जवळजवळ एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. गाडी रस्त्यावर अर्धा तास धावली तर ही वाफ बाहेर पडते. दहा मिनिटांत ती सायलेन्सरच्या थंड पत्र्यावर पाणी होऊन साचते आणि थोडी ऑइलमध्येही उतरते. एका रविवारी गाडी बंद केल्यावर मी मागे वाकून पाहिले, तर नळीच्या टोकातून काजळी मिसळलेले काळपट पाणी थेंब-थेंब फरशीवर पडत होते. सप्टेंबरमध्ये मेकॅनिकने गाडी वर उचलून दाखवली तेव्हा सायलेन्सरच्या जोडावर गंजाचे पापुद्रे धरले होते. तेव्हापासून जागेवर चालू करणे मी पूर्ण बंद केले. त्याऐवजी दर शनिवारी सकाळी चांदणी चौकातून भूगावमार्गे पिरंगुटपर्यंत जाऊन-येऊन साधारण तीस किलोमीटरची फेरी असते. तिच्यात दहा मिनिटे एसीही लावते, अगदी थंडीतसुद्धा, कारण कॉम्प्रेसरच्या सीलांना तेल पोहोचायचे तर तो अधूनमधून फिरायला हवा.

पावसाळ्यातला सर्वांत घाबरवणारा प्रसंग ब्रेकचा होता. जुलैमध्ये सलग बारा दिवसांच्या पावसानंतर मी पहिला गिअर टाकून क्लच सोडला, तर गाडी पुढे न जाता तिचा मागचा भाग जागच्या जागी दबला आणि इंजिन बंद पडू लागले. दुसऱ्यांदा थोडा जोर दिल्यावर मागून कडाक असा मोठा आवाज झाला आणि चाके सुटली. हँडब्रेक ओढलेला असल्यामुळे मागच्या ड्रममधले (चाकाबरोबर फिरणाऱ्या धातूच्या डब्यातले) ब्रेक-शू, म्हणजे त्याला आतून दाबून थांबवणारे वक्र तुकडे, गंजाने ड्रमला चिकटले होते. पुढच्या डिस्कवर रात्रीतून धरणारा नारिंगी गंज पहिल्या चार-दोन ब्रेकमध्ये निघून जातो, त्याची काळजी करू नये. ड्रममधल्या गंजाचे तसे नाही. आता दोन दिवसांहून जास्त उभी राहणार असेल तर गाडी गिअरमध्ये ठेवते, चाकाला पुढून-मागून लाकडी ठोकळे लावते आणि हँडब्रेक ओढत नाही. आमचे पार्किंग सपाट आहे म्हणून हे चालते. उतारावर असे करू नये.

उंदरांचा त्रास आमच्याकडे पूर्वी कधीच नव्हता, कारण रोज तापणाऱ्या आणि हलणाऱ्या इंजिनात ते घर करत नाहीत. जानेवारीत इंजिनचा पिवळा दिवा लागला, एका सिलिंडरची ठिणगी चुकत असल्यासारखी गाडी थरथरू लागली, आणि मेकॅनिकने एअर फिल्टरचा डबा उघडला तेव्हा आत बॉनेटच्या आतल्या अस्तराचा पिंजलेला कापूस, पोळीचे तुकडे आणि पर्जन्यवृक्षाच्या चिकट शेंगा असे व्यवस्थित रचलेले घरटे होते. इंजेक्टरची एक वायर कुरतडलेली होती. दुरुस्तीला २,८०० रुपये लागले. तंबाखूची पाने आणि डांबरगोळ्या दोन्ही करून पाहिले; पंधरा दिवसांत वास उडतो आणि उंदीर परततात. उपयोग झाला तो दोनच गोष्टींचा. सोसायटीला विनंती करून ओल्या कचऱ्याचे डबे आमच्या पार्किंगपासून हलवून घेतले, आणि शनिवारी निघण्यापूर्वी बॉनेट उघडून टॉर्चने पाहण्याची सवय लावली.

त्याच वेळी वायपरच्या खालच्या जाळीत साचलेली पाने हाताने काढते. तिथली भोके बुजली तर पावसाचे पाणी ब्लोअरच्या दिशेने आत उतरते. पहिल्या पावसाळ्यात प्लॅस्टिकचे कव्हर घातले होते, तेव्हा आत ओल कोंडून स्टिअरिंगवर आणि सीटबेल्टच्या पट्ट्यांवर पांढरी बुरशी आली. दुसऱ्या पावसाळ्यात कव्हर घातलेच नाही आणि बुरशी आली नाही. पक्ष्यांची विष्ठा मात्र दिसताच पाण्याने भिजवून पुसावी लागते.

पेट्रोलमुळे काही बिघडले नाही. त्यात मिसळलेले इथेनॉल हवेतला ओलावा शोषते, म्हणून टाकी निम्म्याहून खाली जाऊ देत नाही आणि भरलेले पेट्रोल दोन महिन्यांत संपेल असे पाहते. ऑइल वर्षातून एकदा बदलते; पुस्तिकेत दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते, असे लिहिले आहे आणि आम्हाला वर्षच आधी येते. विमा आणि पीयूसीच्या तारखाही किलोमीटर बघत नाहीत.

टायरच्या बाबतीत मात्र मला उशिरा जाग आली. महिन्याला एक-दोन पीएसआय हवा कमी होते, ती मी भरत होते. लांबच्या मुक्कामानंतर पहिले काही किलोमीटर स्टिअरिंगला येणारी थरथर एका जागी दबलेल्या टायरची असते आणि टायर तापल्यावर ती जाते, हेही कळले होते. पण गेल्या शनिवारी ठोकळे काढताना उन्हाच्या बाजूच्या पुढच्या टायरच्या बाहेरील अंगावर केसासारख्या बारीक भेगांची जाळी दिसली; नखाने दाबल्यावर त्या उघडत होत्या. बाजूला ३११९ हा आकडा कोरलेला आहे, म्हणजे टायर २०१९ च्या ३१व्या आठवड्यात तयार झालेला आहे. नक्षी अजून निम्म्याहून जास्त शिल्लक असल्यामुळे टायरच्या दुकानदाराने आणखी वर्षभर चालवा असे सांगितले, तरी मी ते ऐकणार नाही. चारही टायर या महिन्यात बदलायचे ठरवले आहे, आणि डिक्कीतली स्टेपनीही त्याच आठवड्यात बनलेली असल्याने तीदेखील.