आउटलुक अटॅचमेंट अडवतं तेव्हा: मशीन शॉपमधला काही महिन्यांचा अनुभव

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. सीएनसीचे, म्हणजे संगणकाच्या हुकमावर चालणाऱ्या मशीनचे, प्रोग्रॅम शिरोलीहून मेलवर येतात, डॉट पीआरजी फाइलच्या रूपात. ऑफिसच्या पीसीवर गेले काही महिने मेलसाठी क्लासिक आउटलुक (मायक्रोसॉफ्टच्या मेल प्रोग्रॅमची जुनी आवृत्ती) वापरतोय. पार्टीवार फोल्डर लावायला आणि जुना मेल शोधायला झकास. त्रास एकाच गोष्टीचा, पण रोजचा. डॉट पीआरजी फाइल आली की मेलच्या वर ओळ येते: अटॅचमेंट असुरक्षित असू शकते, म्हणून अडवली. फाइलचं नाव दिसतं, उघडायला मात्र काही नसतं. तिकडं ऑपरेटर मशीनवर जॉब बांधून उभा.

आमची फाइल म्हणजे निव्वळ मजकूर. पहिल्या ओळीत टक्क्याचं चिन्ह, खाली ओ नंबर म्हणजे प्रोग्रॅमचा क्रमांक, मग मशीनला हुकूम देणारे जी आणि एम कोड. पण आउटलुक एक्स्टेन्शन (फाइलच्या नावातलं शेवटच्या डॉटनंतरचं) बघून ठरवतं, आणि ईएक्सई, बॅट, व्हीबीएस, एमडीबी यांच्यासोबत पीआरजीही त्याच्या बंदीच्या यादीत आहे. बंदी उगाच नाही. मे २००० मधला 'आय लव्ह यू' व्हायरस प्रेमपत्राच्या नावाखाली व्हीबीएस फाइल म्हणूनच पसरला होता.

अडवलेली फाइल मेलमधून पुसली जात नाही, हे आधी लक्षात घ्या. आमचं खातं जीमेलचं आहे, तेव्हा घाईत ब्राउझरमध्ये मेल उघडून फाइल उतरवून घेतो.

पाठवणाऱ्याला नाव बदलून टीएक्सटी करायला सांगितलं, तरी फाइल अडकलेलीच. विंडोज एक्स्टेन्शन लपवतं, त्यामुळे फाइल डॉट टीएक्सटी डॉट पीआरजी होऊन येत होती. त्यानं फाइल एक्सप्लोररच्या व्ह्यूमध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'वर टिक केली तेव्हा गाडी रुळावर आली. त्यापेक्षा झिप बरी. आउटलुक झिप अडवत नाही. ईएक्सई झिप करून जीमेलवरून पाठवायचा विचार असेल तर सोडा, जीमेल झिपच्या आतही बघतं.

कायमचा इलाज रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या साठ्यात, आहे. आउटलुक बंद करून, रजिस्ट्रीचा बॅकअप घेऊन, करंट युजर, सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, ऑफिस, १६.०, आउटलुक, सिक्युरिटी इथं जायचं. 'लेव्हल१रिमूव्ह' नावाची स्ट्रिंग व्हॅल्यू करून (मूळ नाव इंग्रजीत, मध्ये जागा न सोडता) त्यात फक्त डॉट पीआरजी लिहायचं. मग फाइल दिसते, पण आधी सेव्ह करूनच उघडते, आणि ते योग्यच आहे. ईएक्सई तिथं कधीही घालू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. कंपनीच्या एक्सचेंजवर (मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरवर) ॲडमिननं कुलूप लावलं असेल तर हे चालणार नाही. नव्या आउटलुकमध्येही नाही, म्हणून मी क्लासिकवरच आहे.

"व्हॉट्सॲपवर टाका की," असं बरेच जण सुचवतात. मला ते पटत नाही. ड्रॉइंगची रिव्हिजन (सुधारित आवृत्ती) बदलली आणि मशीनवर जुना प्रोग्रॅम चालला तर कास्टिंग भंगारात जातं. मेलमध्ये तारीख, विषय आणि ड्रॉइंग नंबर एकत्र सापडतात. आता प्रोग्रॅमर झिपच्या नावातच रिव्हिजन घालून पाठवतो.