निळा पंप, रोजचा पंप की दोन औषधांचा एकच पंप? सौम्य दम्यात काय निवडाल

मोठ्या माणसाचा दमा सौम्य असेल तर त्याच्यासमोर साधारण तीन वाटा असतात. एक, धाप लागली की निळा पंप, म्हणजे साल्ब्युटामॉल. दुसरी, रोज ठरलेल्या वेळी स्टिरॉइडचा पंप आणि अडीअडचणीला निळा. तिसरी, ब्युडेसोनाइड (सुजेवरचं स्टिरॉइड) आणि फॉर्मोटेरॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) एकत्र असलेला पंप, लागेल तेव्हाच. पहिली वाट मी कुणालाही सुचवणार नाही, हे आधीच सांगून टाकते.

निळा पंप लोकांना का आवडतो ते समजतं. दादरचा पूल चढताना छाती आवळते, दोन फवारे घेतले की पाचेक मिनिटांत मोकळं वाटतं आणि पुढचे चार-सहा तास निभावतात. पण त्यानं श्वासनलिकांभोवतीचे स्नायू फक्त सैल होतात. आतली सूज तिथेच राहते, आणि अटॅक येतो तो त्या सुजेमुळे. सारखा घेतला तर पंपाचा गुणही कमी येऊ लागतो. म्हणूनच ‘जीना’ या दम्यावर काम करणाऱ्या जागतिक संस्थेच्या मार्गदर्शक सूचनांनी २०१९ पासून बारा वर्षांवरच्या रुग्णांना नुसत्या निळ्या पंपावर ठेवू नका असं सांगितलं आहे. २०० फवाऱ्यांचे तीन किंवा जास्त पंप वर्षभरात संपत असतील तर अटॅकचा धोका वाढलेला समजतात, आणि बारा किंवा जास्त संपत असतील तर जिवाचाही. घरी एकदा मोजून बघा. एक ऑफिसच्या बॅगेत, एक उशाशी, एक गावच्या पिशवीत असं करत वर्षाला किती लागतात ते पटकन लक्षात येत नाही.

खरी निवड आहे ती दुसऱ्या आणि तिसऱ्या वाटेत. २०१८ साली सिग्मा-१ नावाच्या अभ्यासात तिन्ही पद्धती वर्षभर शेजारी ठेवून तपासल्या (निळ्याच्या जागी त्याचंच भावंड, टर्ब्युटालिन होतं). गरजेपुरता दोन औषधांचा पंप घेणाऱ्यांना नुसत्या टर्ब्युटालिनवाल्यांपेक्षा गंभीर अटॅक ६४ टक्के कमी आले. रोज स्टिरॉइड घेणाऱ्यांना अटॅक जवळपास तेवढेच आले, पण त्यांच्या तुलनेत गरजेपुरता घेणाऱ्यांच्या शरीरात स्टिरॉइड गेलं ते अवघं १७ टक्के. मात्र रोजची लक्षणं आणि फुप्फुसाची ताकद रोजच्या पंपानं थोडी जास्त चांगली राहिली. रात्री खोकल्यानं जाग येते, जिना चढवत नाही, याचाच त्रास जास्त असेल तर रोजचा पंप सरस. पण आपल्याकडे बरं वाटलं की रोजचा पंप कपाटात जातो. तो नियमानं घेतला जाणार नाही हे स्वतःला माहीत असेल तर तिसरी वाट धरा, कारण तिच्यात आराम आणि सुजेवरचं औषध एकाच फवाऱ्यात येतं.

‘स्टिरॉइड’ ऐकून दचकणाऱ्यांसाठी एक हिशेब. पंपाच्या एका फवाऱ्यात साधारण २०० मायक्रोग्रॅम असतं. अटॅक आला की प्रेडनिसोलोनच्या गोळ्या दिवसाला ४० मिलिग्रॅमपर्यंत द्याव्या लागतात, म्हणजे ४०,००० मायक्रोग्रॅम, त्याही पाच-सात दिवस. औषधं वेगळी आहेत, त्यामुळे थेट भागाकार करू नका; पण शरीराला जास्त सोसावं लागतं ते गोळ्यांचं. पंपानंतर चूळ भरून थुंकून टाकली की तोंड येण्याचा त्रासही टळतो.

कुठलीही वाट घ्या, स्पायरोमेट्री, म्हणजे यंत्रात फुंकून फुप्फुसाची ताकद मोजायची तपासणी, करून घ्या. बरं वाटतंय म्हणजे फुप्फुस ठीक आहे असं नसतं. पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर सोडलेली हवा अपेक्षेच्या ६० टक्क्यांखाली असेल तर लक्षणं कमी असूनही धोका मोठा असतो. अशा माणसानं ‘गरजेपुरता’वर समाधान मानू नये. मागच्या वर्षभरात अटॅकसाठी गोळ्या घ्याव्या लागल्या असतील तर तोही तितकाच मोठा इशारा आहे. एरवी घरी पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजायचं छोटं साधन, पुरतो: सकाळी औषधाआधी उभं राहून तीनदा फुंकायचं आणि सर्वांत मोठा आकडा वहीत लिहायचा. पावसाळ्यात भिंतीला ओल धरते तेव्हा आणि दिवाळीपासून थंडीभर हवा धुरकट असते तेव्हा ही वही डॉक्टरांना फार उपयोगी पडते.

एक खबरदारी: दोन औषधांचा प्रत्येक पंप गरजेपुरता चालतोच असं नाही. सालमेटेरॉल असलेला पंप उशिरा काम करतो, तो धाप लागल्यावर घ्यायचा नाही. चिठ्ठीवर फॉर्मोटेरॉल आहे ना ते वाचा आणि दिवसात जास्तीत जास्त किती फवारे चालतील ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. तेवढे घेऊनही सलग एक वाक्य बोलता येत नसेल, ओठ निळसर दिसत असतील, तर वाफ घ्यायला नाक्यावरच्या दवाखान्यात जाऊ नका, १०८ ला फोन करा.