सूट घालून बसायचं, की केबिनच्या भरवशावर?

तिघांच्या अंतराळयानाच्या केबिनचा आराखडा करताना आम्हालाही हे ठरवावं लागलं होतं. एक तर उड्डाण, जोडणी आणि परतीच्या वेळी प्रत्येकाच्या अंगात प्रेशर सूट, म्हणजे केबिनची हवा गेली तरी अंगाभोवती दाब टिकवणारा हवाबंद पोशाख. नाहीतर साधे कपडे आणि गळती झाली की टाक्यांतून हवा सोडत दाब टिकवायचा.

दुसरा पर्याय कागदावर लोभस दिसतो. माणसं मोकळी, हालचाल मोकळी. अपोलोमध्ये ही सोय होतीच, अर्धा इंचाचं छिद्र पडलं तरी ५ मिनिटं पुरेल इतकी. पण ती ५ मिनिटं सूट चढवण्यासाठी होती.

माझं घोडं अडलं ते छिद्रापाशी. व्यास दुप्पट धरला की हवा चौपट वेगाने जाते. बैठकीत कुणी "जरा मोठं धरू या" म्हटलं की टाक्यांचं सगळं गणित पुन्हा मांडायचं. तिघांचे जीव एका गृहीत आकड्यावर! सूटला छिद्र केवढं याच्याशी देणंघेणं नाही.

३० जून १९७१ ला सोव्हिएत यान सोयुझ ११ परतताना, यानाचे भाग सुटे होण्याच्या धक्क्याने दाब समतोल करणारा व्हॉल्व्ह १६८ किलोमीटर उंचीवरच उघडला. तो हाताने पूर्ण बंद होईपर्यंत शुद्ध टिकणं शक्यच नव्हतं. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह, पात्सायेव्ह हे तिघेही अंतराळवीर गेले, कुणाच्याच अंगात सूट नव्हता. पुढे कित्येक वर्षं सोयुझमधून दोघेच गेले, सोकोल नावाचा प्रेशर सूट घालून. तिसऱ्याची जागा सूटच्या हवापुरवठ्याने घेतली.

सूटचा खरा जाच हातमोज्यांचा. निर्वात पेटीतल्या फुगलेल्या मोज्यांत हात घालून मी बटणं दाबून पाहिली आहेत. बोट दर वेळी जोर लावून वाकवावं लागतं, थोड्याच वेळात पंजा भरून येतो आणि शेजारचं बटणही दाबलं जातं. मग माणूस मोजे टाळतो. २००३ मध्ये अमेरिकेचं कोलंबिया यान परतताना तुटलं, तेव्हा तिघांच्या हातात मोजे नव्हते, एकाच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, व्हायझर, म्हणजे हेल्मेटची पुढची काच, तर कुणीच खाली घेतलं नव्हतं. त्या अपघातात सूटने कुणी वाचलं असतं असं नाही, पण उघडा सूट म्हणजे नुसता जड पोशाख.

अंतराळ स्थानकाचा हिशेब वेगळा असू शकतो. तिथे हवा भरपूर, झडपा लावून भाग तोडता येतो. २०१८ मध्ये स्थानकाला जोडलेल्या सोयुझचं सुमारे २ मिलिमीटरचं छिद्र इपॉक्सीने बुजवायला सवड मिळाली. लहान यानात मात्र माझं मत सूटकडेच झुकतं. फक्त बटणांची पाटी आखायच्या आधी फुगलेला मोजा हातात चढवून बघा. पाटी पक्की झाल्यावर बटणांमधलं अंतर वाढवायला कुणी तयार होत नाही.