दोन वूफरचा फोम सराउंड किट: फोम चांगला, शिम कामचलाऊ

जुन्या वूफरचा (बासच्या स्पीकरचा) फोम, म्हणजे कोनभोवतीची मऊ लवचिक कड किंवा सराउंड, साधारण पंधरा-वीस वर्षांत कुजतो, मग स्पीकर रोज वाजलेला असो की माळ्यावर पडलेला. हवेतल्या ओलाव्याने पॉलियुरेथेन विरघळल्यासारखं होतं आणि बोट लावलं की चिकट भुकटी हाती येते. कोन (हलणारा शंकू), कॉइल (त्याला हलवणारं तारेचं वेटोळं) आणि मॅग्नेट बहुतेक वेळा ठणठणीत असतात, म्हणून किट घेण्यात अर्थ आहे. १० इंची जोडीच्या या किटमध्ये दोन सराउंड, पांढऱ्या गोंदाची बाटली, ब्रश, आठ शिम पट्ट्या (कॉइल मध्यावर धरण्यासाठी), दोन डस्ट कॅप (कोनच्या मधोमध बसणारी टोपी) आणि सूचनांचा एक कागद मिळतो.

फोमला पूर्ण गुण. मऊ आहे, रोलची (कमानीसारख्या फुगीर भागाची) जाडी सगळीकडे सारखी आहे. कडक फोम लावला की वूफरची अनुनाद वारंवारता (ज्या सुरावर तो आपोआप सहज हलतो ती) वर सरकते आणि खालचा बास पातळ होतो. इथे ती भीती नाही.

पण नुसतं ‘१० इंची’ वाचून मागवू नका. कोनचा बाहेरचा व्यास २०० मिमी असेल, तर सराउंडचं आतलं भोक १८८ ते १९० मिमी हवं, म्हणजे चिकटायला सगळीकडून ५-६ मिमी पट्टी मिळते. बाहेरची कड बास्केटच्या (स्पीकरच्या सांगाड्याच्या) खाचेत सपाट बसते का, तेही मोजा. या सराउंडची आतली कड उतरती आहे. तुमच्या कोनचा काठ सपाट असेल, तर ती कड सुरकुतते आणि एका बाजूने उचलली जाते. आणि सराउंड मुळात कापडी असेल (जसा एआर-३ या जुन्या स्पीकरच्या वूफरचा), तर तो काढूच नका.

गोंद पाण्याचा आहे: ओला असताना पांढरा, वाळला की पारदर्शक. पंधरा मिनिटं सराउंड सरकवता येतो, ही त्याची मोठी सोय. कागदी कोनवर पक्का धरतो, पॉलिप्रॉपिलिनवर मात्र साल निघावी तसा सुटतो. सूचनांच्या कागदावर हे एका ओळीनेही सांगितलेलं नाही, आणि इतक्या चांगल्या किटची सगळ्यात मोठी चूक हीच.

जुना फोम आणि गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने भिजवून बोथट लाकडी पट्टीने काढा. ॲसिटोन नको, काही प्लास्टिकच्या कोनांना आणि कॉइलच्या लाखेला ते खातं. लोखंडी पात्याने खरवडाल तर कीस मॅग्नेटकडे ओढला जाऊन गॅपमध्ये (कॉइल ज्यात हलते त्या फटीत) शिरेल आणि खरखर कायमची मागे लागेल. शिम घालायला डस्ट कॅप कापलेली असेल, तर आधी गॅपवर चिकटपट्टी लावा.

आधी सराउंड फक्त कोनला चिकटवा आणि रात्रभर वाळू द्या. बास्केटची बाजू दुसऱ्या दिवशी. दोन्ही बाजू एकदम उरकायला गेलं की कोन तिरका बसतो.

आता शिम. सगळ्या पट्ट्या एकाच जाडीच्या, त्यामुळे गॅप रुंद असेल तिथे त्या सैल पडतात आणि कॉइल मध्यावर धरण्याचं काम होत नाही. पोल (मॅग्नेटमधला खांब) आणि कॉइलच्या नळीमध्ये शिम ओढताना किंचित अडली पाहिजे. अडत नसेल तर जाड कागदाची पट्टी जोडून चार ठिकाणी समान अंतरावर घाला. डस्ट कॅप कापायचीच नसेल, तर ३० हर्ट्झचा टोन अगदी हळू सोडा. कोन दोनेक मिलिमीटर हलला की पुरे. गोंद ओला असतानाच कड बोटाने इकडेतिकडे सरकवत घासण्याचा आवाज कुठे थांबतो ते शोधा आणि तिथे थांबा. टोन बंद करून दोन्ही हातांनी, समोरासमोरच्या चार बोटांनी कोन सरळ खाली दाबून पाहा. एकाच बाजूने दाबलं तर चांगली कॉइलही घासते आणि उगाच सगळं उखडायची वेळ येते.

२४ तास वाळल्याशिवाय स्पीकर लावू नका. शेवटी पाठीमागचा स्पायडर (कॉइलला धरणारी लवचिक चकती) लोंबलेला नाही ना, बघा. तो गेला असेल तर या किटचा उपयोग नाही.

कागदी कोनवाल्यांनी जरूर घ्यावा. प्लास्टिकच्या कोनसाठी त्या मटेरियलला चालणारा वेगळा गोंद घ्यावा लागेल.