छातीपट्टा आणि श्वास: आठ महिन्यांनंतर

मी नाशिकला एका पतसंस्थेत हिशेब बघते. गेल्या वर्षी तपासणीत बीपी १५०/९४ निघालं, बाकी सगळे रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर म्हणाले, गोळी सुरू करू, पण ताणाकडेही बघा. मला ताण आहे असं वाटतच नव्हतं. कामं वेळेवर होत होती, झोप लागत होती. म्हणून ऑगस्टमध्ये ठोके मोजणारा छातीपट्टा घेतला आणि मोबाइलवर बायोफीडबॅकचं, म्हणजे शरीरात काय चाललंय ते स्क्रीनवर दाखवून त्यावर ताबा मिळवायला शिकवणारं, ॲप टाकलं.

पहिले दोन आठवडे मी सगळं उलटं समजत होते. घड्याळासारखं एकसारखं ठोकणारं हृदय चांगलं, अशी माझी समजूत. प्रत्यक्षात मिनिटाला ६० ठोके म्हणजे दर सेकंदाला नेमका एक, असं नसतं. एक ०.९२ सेकंदाने पडतो, पुढचा १.०५ ने. श्वास घेताना ठोके जवळ येतात, सोडताना लांब जातात. या फरकालाच एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) म्हणतात आणि विश्रांतीच्या वेळी तो ऐसपैस असणं चांगलं. शरीरात रक्तदाब सावरणारी एक यंत्रणा असते, तिचा ताल सुमारे दहा सेकंदांचा. मिनिटाला साधारण ६ श्वास घेतले की श्वास त्या तालात बसतो आणि झोपाळ्याला वेळेवर पाय दिल्यासारखा तो फरक वाढत जातो. प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा, साडेचार ते साडेसहाच्या दरम्यान. माझा साडेपाच निघाला.

बेर्नार्दी नावाच्या इटालियन डॉक्टरांनी २००१ मध्ये दाखवलं होतं, की रोझरीची, म्हणजे ख्रिस्ती जपमाळेची, प्रार्थना आणि ‘ओम मणि पद्मे हुम्’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वास आपोआप मिनिटाला सहाच्या आसपास येतो. हे वाचलं आणि देवघरासमोर माळ ओढत बसलेली आजी आठवली.

आता मुख्य गोष्ट. ऑक्टोबरमध्ये एका रविवारी पट्टा लावून या संथ श्वासाचा सराव चालू होता. स्क्रीनवर छान लाटा येत होत्या. तेवढ्यात फोन वाजला. उचलायच्या आतच ठोके ७१ वरून ९६ वर गेले आणि लाटांच्या जागी सपाट, खरखरीत रेघ आली. मी श्वास रोखून धरला होता. फोन कुरिअरवाल्याचा होता. दोन वर्षांपूर्वी बाबांना अ‍ॅडमिट केल्याची बातमी अशीच फोनवर आली होती, आणि तेव्हापासून प्रत्येक रिंगला माझं शरीर तीच बातमी ऐकायला तयार होत होतं. मला त्याचा पत्ताच नव्हता. ती रेघ बघून मी त्या दिवशी बराच वेळ रडले. ताण ऑफिसात शोधत होते, तो निघाला भलतीकडेच.

तेव्हापासून एक सवय लावून घेतली: रिंग वाजली की आधी एक लांब श्वास सोडायचा, मग फोन उचलायचा. महिनाभर आठवण ठेवावी लागली, आता आपसूक होतं.

त्रासही सांगते. पट्ट्याचा आतला भाग पाण्याने ओला केला नाही तर ठोके भलतेच दिसतात, आणि थंडीत पहाटे तो ओला पट्टा छातीला लावणं नको वाटतं. ॲपचं वर्षाचं सबस्क्रिप्शन संपायच्या आत पैसे आपोआप कापले गेले, ते परत मिळवायला सात ई-मेल करावे लागले. मनगटावरच्या घड्याळाचा ‘स्ट्रेस स्कोअर’ मी बंद केलाय; जिना चढून आले तरी तो लाल व्हायचा. कुणाचे ठोके मधेच चुकत असतील तर ॲपचे आकडे फसवतात, त्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं.

सकाळचा एचआरव्हीचा आकडा १९ मिलिसेकंदांवरून २५ वर आलाय. तापात तो ११ वर गेला होता. मैत्रिणीचा ५० आहे, पण तिच्याशी तुलना करून उपयोग नाही, वयानेच बराच फरक पडतो. नोव्हेंबरात मी आकडा वाढवायच्या मागे लागले आणि तो उलट खाली आला. आता आठवड्यातून दोनदाच बघते. वीस मिनिटांचा सराव मात्र रोज, पट्टा असो वा नसो. बीपीची गोळी चालूच आहे, ती या भरवशावर कुणी बंद करू नये.

यंदा मार्चएन्डला रात्री साडेदहापर्यंत ताळेबंद जुळवत बसले होते. शेजारी मोबाइल वाजला. आईचा होता. श्वास सोडला, उचलला. जेवलीस का, एवढंच विचारायचं होतं तिला.