‘ठेव खाली’: आठ महिने, दहा मीटर आणि एक सेकंडहँड एअर पिस्तूल

हा अनुभव पिस्तुलाचा आहे की ते शिकवणाऱ्या मैत्रिणीचा, हे मला आता वेगळं करता येत नाही. म्हणून दोन्हीचं एकत्रच लिहिते.

मी गेले आठ महिने, आठवड्यातून चार दिवस, दहा मीटर एअर पिस्तूल चालवते आहे. वय ४४, चष्मा, बँकेत नोकरी, खेळाचा पूर्वानुभव शाळेतल्या लंगडीपुरता. शिकवणारी माझी हॉस्टेलची मैत्रीण. ती कोल्हापूरची, दुधाळीच्या नेमबाजी रेंजवर तयार झालेली, कॉलेजात असताना राज्य स्पर्धा खेळलेली. लग्न होऊन पुण्याला आली आणि तिचं पिस्तूल माळ्यावर गेलं ते गेलंच. मी काहीतरी नवीन शिकायचं म्हणत होते, तर म्हणाली, “मी शिकवतो की तुला.” (कोल्हापूरच्या बायका ‘मी करतो, मी जातो’ म्हणतात. ती बाईच आहे.)

पिस्तूल कोणतं, हे सगळे आधी विचारतात. स्टायर, मोरिनी, वॉल्थर, फाइनवेर्कबाउ, पार्दिनी या पाचांपैकी एक आहे. कोणतं ते मुद्दाम लिहीत नाही. यातलं कुठलंही पिस्तूल माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं नेमबाज आहे. चिमट्यात धरून मारलं तर ते एकाच भोकात पेलेट (शिशाची छोटी गोळी) घालतं, फरक पडतो तो हातात आल्यावर. शिकायला परदेशी जाणाऱ्या एका मुलाकडून मी ते ९५ हजारांना घेतलं. नवीन घ्यायचं तर दीड-दोन लाखांच्या पुढे जातं, आणि पहिल्या वर्षी तेवढे घालण्यात अर्थ नाही.

लायसन्स लागतं का, हा दुसरा प्रश्न. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे ४.५ मिलिमीटरच्या आणि २० जूलच्या आतल्या एअर वेपनला लागत नाही, आणि मॅच पिस्तूल त्या मर्यादेच्या खूपच खाली असतं. तरीही घरी ते कुलपात राहतं, पेलेट दुसऱ्या कपाटात, आणि नेताना बंद पेटीत. सासूबाईंची पहिली अट हीच होती आणि ती रास्त होती.

पहिला महिना मी एकही पेलेट मारली नाही. पैसे भरून रेंजवर जायचं, पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं आणि रिकामं पिस्तूल उचलून ट्रिगर दाबायचा. याला सगळे नुसतं ‘ड्राय’ म्हणतात. “आज ड्राय किती केलंस?” हा प्रश्न मला ऑफिसातही फोनवर यायचा. शेजारच्या लेनवर अकरा-बारा वर्षांची मुलं फटाफट टेन (मधल्या वर्तुळातले पूर्ण दहा गुण) मारत होती. पॅरिसमध्ये २०२४ ला मनू भाकरची दोन कांस्यं आली, आणि राधानगरीतल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेचं रायफलमधलं कांस्य आलं, तेव्हापासून संध्याकाळी लेन मिळणं मुश्कील. म्हणून आम्ही सकाळी साडेसहाला जातो.

सुरक्षेचे नियम तिने एका वाक्यात संपवले आणि नंतर आठ महिने राबवले. नळी कायम टार्गेटकडे, टेबलावर ठेवलं की नळीतून सेफ्टी फ्लॅगची (नळी रिकामी आहे हे दाखवणारी) दोरी आरपार, आणि हात वर जाईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. एकदा मी पिस्तूल हातात असताना तिच्याशी बोलायला वळले. ओरडली नाही. पिस्तूल काढून घेतलं, पेटीत ठेवलं आणि म्हणाली, “चल घरी.” त्या दिवशी सहा वाजून पन्नास मिनिटांनी मी स्कूटरवर परत निघाले होते.

दुसऱ्या महिन्यात पेलेट मिळाल्या, पण टार्गेट उलटं लावलेलं. मागची कोरी बाजू. नेम कशावर धरायचा विचारलं तर म्हणाली, “रांगोळी काढताना कुठं बघतीस? चिमटीकडं का ठिपक्याकडं?”

“ठिपक्याकडे.”

“म्हणून तर कोरा कागद. इथं चिमटीकडं बघायचं.”

चिमटी म्हणजे इथे फ्रंट साइट, नळीच्या पुढच्या टोकावरची नेम धरायची खूण. मागच्या साइटच्या खाचेत पुढच्या साइटचा चौकोनी खांब, दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड एका ओळीत. हे चित्र धारदार दिसायला हवं आणि पलीकडचं काळं वर्तुळ धूसर. मन मात्र सारखं त्या काळ्याकडे धावतं. हे मला पटेना, म्हणून एका पे-इन स्लिपच्या मागे हिशोब केला. माझ्या पिस्तुलावर दोन साइटमधलं अंतर साधारण ३२० मिलिमीटर, टार्गेट १०,००० मिलिमीटरवर. पुढची साइट खाचेत एक मिलिमीटर सरकली तर पेलेट कागदावर ३१ मिलिमीटर सरकते. साइट जुळलेल्या ठेवून अख्खा हातच एक मिलिमीटर सरकला तर पेलेटही एकच मिलिमीटर. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटर व्यासाचं, बाहेरचं प्रत्येक कडं आठ मिलिमीटर रुंद. म्हणजे पहिल्या चुकीने मधोमध लागणारा टेन सातात जातो आणि दुसरीने टेनच राहतो. स्लिप तिला दाखवली. “हे मला कुणी असं सांगितलंच नव्हतं,” म्हणाली, आणि फोटो काढून घेतला.

त्या दिवसापासून मी हात हलण्याला घाबरणं सोडलं. हात हलतोच, मोठमोठ्यांचाही हलतो. हलणाऱ्या हातावर साइटचं चित्र न मोडता ट्रिगर सोडता आला पाहिजे.

आता ज्याच्यासाठी हे लिहायला घेतलं ते.

हात काळ्याच्या वर न्यायचा, हळू खाली आणायचा, काळ्याखालच्या पांढऱ्यात थांबायचं, श्वास अर्धा सोडून धरायचा, आणि सहा ते आठ सेकंदांत शॉट निघायला हवा. नाही निघाला तर डोळा थकतो आणि जुनंच चित्र ताजं म्हणून दाखवत राहतो. इथे तिचे दोन शब्द मागून येतात: “ठेव खाली.” शॉट न मारता पिस्तूल टेबलावर टेकवायचं, श्वास घ्यायचा, पुन्हा पहिल्यापासून. ऐकायला सोपं वाटतं. पण एवढा वेळ धरून ठेवलंय, जवळजवळ जुळलंय, आता सोडायचं कसं? मी नेमकी नवव्या सेकंदाला ट्रिगर ओढायचे आणि पेलेट आठच्या खाली.

“आला होता गं!”

“यायचा असता तर सातव्याला आला असता.”

तिने माझ्या डायरीत स्कोअरशेजारी एक रकाना आखला: ‘ठेवले’. तिसऱ्या महिन्यात पहिल्यांदा ६० शॉट मारले तेव्हा स्कोअर ६०० पैकी ४५१, ठेवले ४. सहाव्या महिन्यात ५०९, ठेवले २२. परवा ५२७, ठेवले १७. (मनू भाकरचा पॅरिसच्या पात्रता फेरीतला स्कोअर ५८० होता; माझी जागा मला माहीत आहे.) ठेवायला वेळ पुरतो का, तर ६० शॉटना ७५ मिनिटं असतात, म्हणजे एका शॉटला सव्वा मिनिट. कमी पडतो तो धीर.

पाचव्या महिन्यात रेंजच्या मासिक चाचणीला ती नव्हती. मागून आवाज येणार नाही हे माहीत असल्याने की काय, मी एका शॉटला चौदा-पंधरा सेकंद ताणलं आणि तीन मारला. तीन! शेजारच्या मुलाने माझ्या मॉनिटरकडे बघितलं आणि सभ्यपणे मान फिरवली.

मॉनिटरवरून आठवलं. इलेक्ट्रॉनिक टार्गेट असलं की शॉट सुटताक्षणी मान स्क्रीनकडे वळते आणि फॉलो थ्रू, म्हणजे शॉटनंतर क्षणभर तसंच स्थिर राहणं, बोंबलतो. तिने मॉनिटरवर ओढणी टाकली. शॉट गेला की आधी मी सांगायचं, “नऊ, डावीकडे खाली,” मग ती ओढणी उचलणार. याला कॉल म्हणतात. सुरुवातीला दहातले तीन कॉल बरोबर यायचे, आता सहा-सात येतात. स्कोअर वाढल्यापेक्षा मला याचा आनंद जास्त आहे.

चाळिशीनंतर सुरू करणाऱ्यांनी हे नीट वाचा. फ्रंट साइट डोळ्यापासून साधारण ९० सेंटीमीटरवर असते. लांबच्या चष्म्यातून ती मला धारदार दिसेना आणि जवळच्यातून टार्गेटच गायब. दोन महिने मी स्वतःला दोष देत होते. शेवटी टेपने अंतर मोजून चष्मेवाल्याकडे गेले. पिस्तूल दुकानात नेण्याचा मोह टाळला, पण हात लांब करून, एक डोळा मिटून उभी राहिले तेव्हा बाकीची गिऱ्हाइकं सरकलीच. माझा उजवा डोळा उणे २.२५, नेमबाजीसाठी उणे १.५० ची काच दिली. दुसऱ्या दिवशी साइटची कड ब्लेडसारखी दिसली. एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसऱ्या कशाने पडला नाही.

ग्रिप, म्हणजे पिस्तुलाची लाकडी मूठ, मधल्या मापाची होती, माझा हात लहान. तिने माझ्या तळहाताला माझीच लिपस्टिक फासली, ग्रिप धरायला लावली, आणि जिथे डाग जास्त उमटला तिथे सँडपेपरने लाकूड उतरवलं; जिथे पोकळी राहिली तिथे लाकडाची लांबी (पुट्टी) भरली. असे तीन रविवार गेले. मनगटाला आधार मिळेल असं काहीही करायचं नाही, ते नियमात बसत नाही. दिसायला ग्रिप आता भयानक आहे, पण हातात घेतली की बोटं आपापल्या जागी जातात.

जुनं पिस्तूल घेताना दोन गोष्टी बघा. एक म्हणजे ट्रिगर. नियमाने तो किमान ५०० ग्रॅमचा हवा. ट्रिगरला वजन अडकवून पिस्तूल उभं उचलतात, वजन जमिनीवरून सुटलं तर पास. आधीच्या मालकाने माझा हलका करून ठेवला होता. मैत्रिणीने घरात अर्धा किलो साखरेची पिशवी अडकवून बघितली, पिशवी जागची हललीच नाही, ट्रिगर मात्र सुटला. मग रेंजवरच्या वजनावर नीट लावून घेतला. दुसरी म्हणजे सिलेंडर, पेलेट ढकलणारी दाबाखालची हवा यात असते. त्याच्यावर तारीख कोरलेली असते, दहा वर्षांनी मुदत संपते आणि स्पर्धेत ते चालत नाही. माझ्याकडे आणखी दीड वर्ष आहे. २०० बारला भरला की साधारण १५० शॉट होतात, भरून रेंजवर मिळतो.

चौथ्या महिन्यात कोपर धरलं. उत्साहात रोज शंभर-शंभर शॉट मारत होते. दोन आठवडे बंद. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही, फक्त एक किलोचं पिस्तूल लांब हाताच्या टोकाला किती जड होतं ते आधी खरं वाटत नाही.

मैत्रिणीकडून शिकावं का? फी घेत नाही, त्यामुळे दिवाळीत तीन आठवडे गायब झाली तेव्हा बोलता आलं नाही. आणि जे तिला आपोआप जमतं ते ती सांगू शकत नाही. ट्रिगर कसा दाबायचा विचारलं तर, “दाबायचा नाही, जातो तो.” याचा अर्थ मला रेंजवरच्या तरुण कोचने समजावला: ट्रिगर दोन टप्प्यांत जातो, पहिला टप्पा हात खाली येतानाच घेऊन ठेव, दुसऱ्यावर फक्त वजन वाढवत राहा. माझी उभं राहण्याची पद्धत जास्तच उघडी (अंग टार्गेटकडे जास्त वळलेलं) आहे हेही त्यानेच सांगितलं. ती मी तिची बघून उचलली होती. शिवाय ती खेळायची तेव्हा बायकांना ४० शॉट असायचे. ६० झाले २०१८ पासून. माझा खांदा पंचेचाळिसाव्या शॉटला गळतो म्हटल्यावर सरळ म्हणाली, “चाळीसनंतर काय होतं ते मला माहीत नाही बाई.” तेव्हा कोच हवाच. पण मागे उभं राहून, स्कोअर न बघता, माझ्या हाताकडे आठ महिने बघत राहणारं दुसरं कुणी मिळालं नसतं.

खर्च: रेंजचे महिन्याला ४,०००, पेलेटचा ५०० चा डबा साधारण आठवडाभर पुरतो. सरावाला साध्या चपट्या तोंडाच्या मॅच पेलेट घ्या. महागाचे डबे मी चाचणीच्या दिवशीच उघडते, आणि खरं सांगायचं तर माझ्या पातळीला फरक दिसत नाही.

मागच्या रविवारी तिचं जुनं पिस्तूल माळ्यावरून खाली आलं. ग्रिपवर तिच्या बोटांचे खड्डे तसेच आहेत, सिलेंडरची मुदत मात्र केव्हाच संपली आणि सील वाळून गेलेत. माझ्यासाठी नवा सिलेंडर मागवायचाच आहे, तर दोन एकदम सांग म्हणाली. डीलरला फोन केलाय. तोवर ती रोज माझ्या पिस्तुलावर दहा शॉट मारते, आणि उतरवलेली ग्रिप तिच्या हातात बसत नाही म्हणून मला शिव्या देते.