गिट-फ्लो सोडून नऊ महिने झाले, त्याचा हिशोब

आमची लायब्ररी लहानशी. देवनागरीत लिहिलेल्या तारखा वाचून त्या पायथनला समजतील अशा करून देते, बस. ओपन सोर्स, पगार कुणालाच नाही, नियमित हात लावणारे चौघे. कोडचा इतिहास सांभाळणाऱ्या गिटमधल्या ब्रँचेसचा, म्हणजे कोडच्या समांतर शाखांचा, थाट मात्र बँकेला लाजवेल असा: मेन (प्रसिद्ध झालेला कोड), डेव्हलप (चालू काम), फीचर, रिलीज, हॉटफिक्स (तातडीची दुरुस्ती). व्हिन्सेंट ड्रिसेन यांनी २०१० साली मांडलेलं हे गिट-फ्लो मॉडेल आम्ही जसंच्या तसं उचललं होतं.

ते मोडलं २९ फेब्रुवारीने. लीप वर्षातही ही तारीख चुकीची ठरत होती. रात्री अकराला हॉटफिक्स केला, मेनमध्ये टाकला, १.४.२ चा टॅग, म्हणजे आवृत्तीची खूण, लावला आणि झोपलो. तोच बदल डेव्हलपमध्येही न्यायचा असतो, ते राहूनच गेलं. खरं तर तेवढ्याने काही बिघडलं नसतं. पुढची रिलीज ब्रँच मेनमध्ये मर्ज करताना, म्हणजे मिसळताना, गिटने दुरुस्ती सांभाळली असती. पण डेव्हलपवर ती फाइल दरम्यान नव्याने लिहून झाली होती. कॉन्फ्लिक्ट आला, म्हणजे दोन्हीकडचे बदल जुळेनात, आणि मी डोळे झाकून नवी बाजू ठेवली. टेस्ट लिहिली नव्हती, हेही कबूल. १.५.० गेलं आणि दुसऱ्याच दिवशी इश्यू, म्हणजे तक्रार, आला: ‘हे मागेच दुरुस्त झालं होतं ना?’

आता एकच मेन. आवृत्ती जवळ आली की त्यातून १.६, १.७ अशी ब्रँच कापायची. नवीन कामं मेनवर चालूच राहतात. दुरुस्ती आधी मेनमध्ये, मग तिथून चेरी-पिक, म्हणजे तेवढाच बदल उचलून आवृत्तीच्या ब्रँचवर. लिनक्स कर्नलच्या स्टेबल आवृत्त्यांचाही हाच शिरस्ता आहे: मुख्य शाखेत नसलेली दुरुस्ती साधारणपणे तिथे घेतच नाहीत. चेरी-पिकच्या कमांडला ‘मायनस एक्स’ (-x) लावायला मात्र विसरू नका. मूळ कमिटचा (नोंदवलेल्या बदलाचा) क्रमांक संदेशातच लिहिला जातो, आणि चार महिन्यांनी ‘हे कुठून आलं?’ म्हणत बसावं लागत नाही.

सर्वांत मोठा फायदा अपेक्षित नव्हता. पूर्वी दर नव्या माणसाची पुल रिक्वेस्ट (बदल सामावून घेण्याची विनंती) मेनवर यायची आणि आम्ही ‘कृपया बेस बदलून डेव्हलप करा’ असं लिहायचो. निम्मे लोक तिथेच गळायचे. आता ते वाक्य लिहावंच लागत नाही.

त्रास आहेच. चेंजलॉग, म्हणजे बदलांची यादी, हा पहिला. सगळे त्याच फाइलच्या डोक्यावर ओळ लिहिणार, म्हणजे प्रत्येक चेरी-पिकला कॉन्फ्लिक्ट. टाउनक्रायर हे साधन आणल्यावर सुटलो: प्रत्येक बदलाची नोंद स्वतंत्र छोट्या फाइलमध्ये, रिलीजच्या वेळी सगळ्या एकत्र. दुसरा त्रास सुटलेला नाही. मेन जसजशी पुढे जाते तसतशी जुन्या ब्रँचवर दुरुस्ती बसेनाशी होते, शेवटी हातानेच लिहावी लागते. म्हणून शेवटच्या दोनच आवृत्त्या सांभाळायचं ठरवलं. १.५ वर अडकलेल्या लोकांनी नाकं मुरडली, ते रास्तच आहे.

आणि एक माझा गाढवपणा. १.७.० चा टॅग भलत्याच कमिटवर लागला. पुश झाल्यावर, म्हणजे सगळ्यांच्या सर्व्हरवर चढवल्यावर, लक्षात आलं. पुसून त्याच नावाने पुन्हा लावला. ज्यांनी आधीच ओढून घेतला होता त्यांचं गिट नवा टॅग घेईना, आणि पायपीआयवर, म्हणजे पायथन पॅकेजेसच्या भांडारात, चुकीचं पॅकेज पोचलेलं होतं. तिथे एकदा चढवलेलं फाइलनाव परत वापरता येत नाही. गुपचूप १.७.१ काढलं.

ड्रिसेन यांनी २०२० मध्ये स्वतःच्या लेखावर टीप जोडली: सतत डिप्लॉय होणाऱ्या (सर्व्हरवर नवी चढणाऱ्या) वेब ॲपसाठी सोपी पद्धत घ्या, आकडे लावून आवृत्त्या काढणाऱ्यांना मात्र गिट-फ्लो अजून जमू शकेल. त्या हिशोबाने आम्ही त्यांचेच गिऱ्हाईक. तरी मी परत जाणार नाही. चौघांनी जेवणं आटोपून तासभर बसायचं, त्यात एक बदल दोन जागी नेण्याची आठवण कोण ठेवणार?

डेव्हलप अजून पुसलेली नाही. एका सहकाऱ्याची अर्धवट फीचर ब्रँच तिच्यावर लोंबकळतेय, आणि तो दर महिन्याला ‘या रविवारी संपवतो’ म्हणतो.